सत्ताविसावी गच्ची

बिट्टो पुन्हा पडली.

दोन्ही हात पसरून, वेणी वर उडवत, जुन्या दिल्लीच्या दोन गच्च्यांमधल्या बोळात ती खाली खाली गेली आणि फोनच्या पडद्यावर कबुतराचं एक पीस तेवढं तरंगत राहिलं. देविकाने फोन मांडीवर पालथा घातला. मेट्रो यमुनेवरून चालली होती. खाली पाणी कमी आणि फेस जास्त. आता पुरे, तिने स्वतःला बजावलं. आणि मयूर विहार यायच्या आत फोन पुन्हा सरळ केला.

बिट्टो धावू लागली. पाण्याची टाकी ओलांडली, पापड वाळत घातलेली खाट ओलांडली, माकडांना चुकवलं. सव्विसाव्या गच्चीच्या कठड्यावर पाय दिला. समोर सत्ताविसावी, मध्ये बोळ. उडी.

पडली.

खेळाचं नाव ‘मुंडेर’, म्हणजे हिंदीत गच्चीचा कठडा. खुराड्यातून सुटलेल्या कबुतरामागे गच्च्यागच्च्यांवरून धावणारी एक मुलगी, एवढीच त्याची गोष्ट. चाळीस गच्च्या झाल्या की कबूतर हाती. नोएडातल्या ज्या छोट्या कंपनीत देविका नोकरीला होती, तिथल्या माणसांनी तो खपून खपून बनवला होता, आणि या शुक्रवारी तो लोकांच्या फोनवर जायचा होता. देविका मात्र खेळ बनवणाऱ्यांतली नव्हे, लिहिणाऱ्यांतली. आणि तिचं लिहिणंही जगावेगळं. तिची पानं माणसं वाचत नसत.

पूर्वी खेळ तपासायला ऑफिसात पोरापोरींचा घोळका असे. दिवसभर तोच खेळ खेळायचा आणि कुठे अडतं, कुठे फुटतं ते सांगायचं. आता ते काम एजंट करत. एजंट म्हणजे मशिनातला कामकरी. त्याला ना डोळे, ना बोटं. म्हणून त्याच्या हाती अवजारं द्यायची. एक पडदा बघायचं, एक बोट टेकवायचं, एक थांबायचं, एक खेळ पहिल्यापासून मांडायचं. प्रत्येक अवजाराचं एक पान असायचं: हे काय करतं, केव्हा घ्यावं, केव्हा घेऊ नये. ती पानं देविका लिहायची. नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसं. हा डबा हळदीचा, हा हिंगाचा, दूध वर आलं की गॅस बारीक कर, आणि त्या वरच्या फळीला हात लावू नकोस. फरक एवढाच की सून चार दिवसांनी आपल्या मनाने वागू लागते. एजंट लिहिलंय तेवढंच वाचतो आणि वाचलंय तेवढंच करतो. त्याला ना कंटाळा, ना रुसवा, ना ‘पण का?’

त्या दहा एजंटांचा अहवाल आला होता. चाळीसच्या चाळीस गच्च्यांपुढे हिरवी खूण. पार, पार, पार.

सत्ताविसावीपुढेसुद्धा.

म्हणजे दोष गच्चीत नव्हता. देविकाचा हात आपसूक उजव्या कानामागे गेला. केस आता तिथे बोटभर वाढले होते, पण त्यांच्याखालची शिवण हाताला लागायचीच. मागच्या वर्षी, अशीच पानगळ चालू असताना, डॉक्टरांनी तिचं डोकं उघडून बोराएवढी गाठ काढली होती. गाठ साधी निघाली. वाचलीस गं बाई, सगळे म्हणाले. ती वाचली; पण त्यानंतर शब्द कधी कधी तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे घरंगळत, आणि हात मनाच्या अर्धा क्षण मागे राहत. येईल सगळं हळूहळू, डॉक्टर म्हणाले होते. किती आलं आणि किती यायचं राहिलं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. विचारलं की सगळे हसून म्हणत, “छान आहेस की.”

त्या ‘छान’ने तिच्या जिवाला घोर लावला होता. आपलं डोकं पुन्हा आपलं झालंय की नाही, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. आणि ती पडू नये म्हणून जो तो तिच्यापुढे उशी धरून उभा होता.

आदल्या दिवशीची आमटीच घ्या. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये चौघं जेवायला बसली होती. तिचा नवरा मानस, मंत्रालयात नोकरीला, बदली होऊन आलेला. सहा वर्षांची अवनी. आणि वृंदाबाई, तिच्या सासूबाई, ऑपरेशनच्या वेळी साताऱ्याहून आल्या त्या राहिल्याच. वृंदाबाईंच्या जिभेला पूर्वी अशी धार होती की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी देविकाच्या पोळ्या उचलून “ही श्रीलंका, ही आफ्रिका” म्हणत सगळ्यांना वाढल्या होत्या. तर त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. मानस गटागटा पाणी प्यायला आणि जास्तीचा भात घेऊन मोकळा झाला.

“आई, ही आमटी समुद्राची आहे का?” अवनीने विचारलं.

“गप जेव,” वृंदाबाई म्हणाल्या. त्यांनी आपली वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना म्हणाल्या, “छान झालीय हो.”

देविकाने मग आपला घास घेतला. जीभ भाजल्यासारखी झाली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. जी बाई वाकड्या पोळीला सोडत नव्हती ती खारट आमटीला छान म्हणते, मग आपली अवस्था असेल तरी काय?

ऑफिसात पोचल्यावर खुर्चीत बसवेना. कडुनिंबाची पिवळी पानं वाऱ्याने काचेवर येऊन आपटत होती. दिल्लीचा हा महिनाच असा; पालवी आणि पाचोळा एकाच फांदीवर, झाडालाही कळत नाही आपण येतोय की जातोय. तिने आपली जुनी पानं काढून वाचायला घेतली. ‘थांबणे’ या अवजाराचं पान तिने गेल्या महिन्यात लिहिलं होतं. वाचता वाचता ती अडखळली. तिसरं वाक्य तिचं नव्हतं. तिने लिहिलं होतं, कबूतर पंख मिटेपर्यंत थांबा. इथे होतं, हालचाल संपेपर्यंत थांबा. चूक काही नव्हती. पण तिचं नव्हतं.

की होतं? आपणच कधीतरी बदललं आणि विसरलो?

असं पहिल्यांदा होत नव्हतं. मागेही दोनतीन पानांत असे परके शब्द भेटले होते. त्या वेळी ती गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आली होती, घरी न सांगता.

“देविका, शुक्रवार आला बरं का.” चैतन्य तिच्या टेबलाशी येऊन उभा होता. तो या कामाचा प्रमुख. तीन पिढ्यांची दिल्ली, मराठी घरात आणि हिंदी उंबऱ्याबाहेर. “एजंटांचं सगळं हिरवं आहे. तुझी मंजुरी टाकलीस की मी पुढे पाठवतो.”

“तू खेळून पाहिलास?” तिने विचारलं.

“मी? मला कुठे वेळ आहे यार. म्हणून तर एजंट ठेवलेत.”

“म्हणजे मला म्हणायचं होतं, ते सत्ताविसाव्या गच्चीचं... तो...” शब्द आला नाही. कठडा की कडा की काठ. तिने हाताने हवेत रेघ ओढली.

“कठडा,” चैतन्यने तिच्या आधी तो उचलून दिला, अगदी हळुवार. “काय झालं कठड्याचं?”

त्याने पाहिलं ते नेमकं तसंच, आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण सारखं करताना पाहतात तसं. देविकाचं धैर्य तिथेच विरघळलं. दहा एजंट उडी मारून पार झालेत, आणि मी म्हणणार, मला जमत नाही?

“काही नाही,” ती म्हणाली. “चैतन्य, माझ्या पानांत चुका असतात का रे? खरं सांग.”

“बिल्कुल नाही. एकदम छान असतात.” तो हसला. “टेन्शन नको घेऊ. उद्यापर्यंत टाक मंजुरी.”

ती दुपारीच निघाली. परतीच्या वाटेवर बिट्टो पडतच राहिली. घराजवळच्या स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडतानाही तिची नजर पडद्यावर होती, एक ई-रिक्षावाला “मॅडम, मरना है क्या?” असं ओरडून गेला, आणि तिला ते ऐकून बरं वाटलं. निदान कुणीतरी ओरडलं.

क्वार्टरांच्या मधल्या बागेत पोरं पकडापकडी खेळत होती. तमिळ, बंगाली, पंजाबी, एक मराठी, आणि सगळ्यांची मिळून हिंदी. वृंदाबाई बाकावर बसून मेथी निवडत होत्या. देविका त्यांच्याशेजारी टेकली. अवनी वाऱ्यासारखी धावत होती. एका मोठ्या मुलीने तिच्या पाठीवर थाप मारली. अवनी थांबली, तोंड फिरवून उभी राहिली, आता राज्य आपल्यावर म्हणून. मोठी मुलगी तिच्याकडे न बघताच दुसऱ्यामागे धावली.

“अरे, ये तो कच्चा नींबू है,” कुणीतरी म्हणालं.

अवनी पुन्हा धावू लागली. पुन्हा थाप बसली, पुन्हा कुणी मोजली नाही. तिसऱ्या वेळी ती धावतच नव्हती. मग विटेला अडखळून पडली, गुडघा सोलवटून घेतला, आणि तशीच बाकाशी आली. वृंदाबाईंनी मेथीचे हात पदराला पुसले, गुडघ्यावर फुंकर घातली, आणि त्यांच्या आईची असावी अशी काहीतरी ओवी गुणगुणल्या:

पडली गं बाळ माझी, लागलं कुठं कुठं
मातीला विचारते, लेक हसत गं उठं

लेक हसत काही उठली नाही.

“मला नाही खेळायचं,” अवनी म्हणाली.

“का गं? लागलं म्हणून?” देविकाने विचारलं.

“लागलं ते चालतं. ते मला पकडतात आणि पकडलं असं म्हणतच नाहीत. मी कच्चा नींबू आहे ना.”

“आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणायचे,” वृंदाबाई म्हणाल्या. “लहान आहेस म्हणून गं राणी. तू कधी आउट होत नाहीस. मज्जा नाही का?”

“नाही,” अवनी म्हणाली. “मी कधी आउटच नाही होत, तर मी खेळते कुठे?”

देविका बाकावरून उठली. मग बसली. मग पुन्हा उठली. वृंदाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “काय होतंय गं? डोकं दुखतंय? मानसला फोन लावू?”

“नको आई. डोकं ठीक आहे.” ती पायऱ्या चढू लागली होती. “आई, ती पोरं कच्च्या लिंबाला पकडत नाहीत ना, तर ते लिंबू शेवटपर्यंत खेळात असतं. शेवटी विचारलं, कोण कोण वाचलं, तर तेही वाचलेल्यात मोजायचं की नाही?”

असल्या प्रश्नाला मानसला फोन लावायचा की नाही, हे वृंदाबाईंना ठरवता येईना.

घरात जाऊन तिने लॅपटॉप उघडला. खिडकीतून तिरपं ऊन जेवणाच्या टेबलावर आलं होतं. अहवाल उघडायचा नव्हताच आज. अहवालात नुसत्या हिरव्या खुणा. तिने पहिल्या एजंटाची पूर्ण नोंद काढली, प्रत्येक धाव, प्रत्येक उडी. सव्वीस गच्च्या नीट. सत्ताविसावी: उडी, पडला. उडी, पडला. उडी, पडला. नोंद खाली खाली जात होती, पावसाच्या पागोळ्यांसारखी, पडला, पडला, पडला. आणि मग एक वेगळी ओळ. कवच घेतलं. पुढच्या ओळीत, पार.

दुसरा एजंट तसाच. तिसरा तसाच. दहाच्या दहा.

कवच हे त्या अवजारांतलंच एक. ते घेतलं की बिट्टो पडत नाही. हवेतून अलगद पलीकडे जाते. खेळाची पुढची बाजू झटपट बघायची असली तर उपयोगी. तिने कवचाचं पान उघडलं. ते तिनेच लिहिलं होतं आणि त्यातला एकही शब्द परका नव्हता. शेवटचं वाक्य असं होतं: एकाच जागी वारंवार पडत असाल, तर कवच घ्या आणि पुढे जा.

हे वाक्य कधी लिहिलं, ते तिला लख्ख आठवलं. कामावर परतल्यावरचे पहिले दिवस. घरूनच काम होतं, डोक्याला रुमाल बांधलेला. त्या सकाळी ती न्हाणीघरात भिंतीचा आधार चुकून पडली होती आणि कुणाला कळू न देता उठली होती. मग कामाला बसली, तर पडद्यावर एक एजंट कुठल्याशा गच्चीवरून पडत होता. पडायचा, उठायचा, पुन्हा तीच उडी. ना ओरडणं, ना कुणाला हाक. तिच्याने ते बघवेना. आणि तिने माया म्हणून ते वाक्य लिहिलं. कवच घ्या, पुढे जा. कवच घेतलं तर अहवालात काय लिहायचं, हे मात्र लिहायचं राहून गेलं. एजंटाने विचारलं नाही. एजंट विचारत नाही.

म्हणजे सत्ताविसावी गच्ची कुणीच ओलांडली नव्हती. ओलांडण्यासारखी ती नव्हतीच.

तिने फोन हातात घेतला, बिट्टोला सव्विसाव्या कठड्यावर आणून उभं केलं आणि पहिल्यांदा शांतपणे बोळाकडे पाहिलं. किती रुंद होता तो. डोळ्याला दिसत होता. ती आठवडाभर पाहत होती आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती.

हसावं की रडावं कळेना. हात धड होते. आठवण धड होती. आणि चूक पूर्ण तिची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चैतन्यला खालच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसतसा त्याच्या हातातला चहा निवत गेला.

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “ऐक. तू कुणाला काही बोलू नकोस. मी बघतो. मी लिहितो की कवचातच काहीतरी गडबड होती. टेक्निकल. तुझं नाव कुठे येणार नाही.”

“का नाही येणार?”

“अगं, कशाला उगाच... तू नुकती कुठे सावरतेस.”

देविकाने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. “चैतन्य, ‘थांबणे’च्या पानात कबूतर पंख मिटत होतं. ते कुणी काढलं?”

रस्त्यावर एक बस हॉर्न देत राहिली.

“अक्षता,” तो म्हणाला. अक्षता ऑफिसात देविकाच्याच रांगेत बसायची. “मीच सांगितलं होतं तिला. तुझी पानं पुढे जायच्या आधी एक नजर टाक, काही राहिलं असेल तर नीट कर, आणि तुला कळू देऊ नकोस. वाईट नको वाटून घेऊ यार. म्हटलं, तुला ताण नको.”

“किती पानं?”

“सगळी.”

“मला वाटत होतं, मीच बदलते आणि मीच विसरते.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “डॉक्टरांकडे गेले होते मी. म्हटलं, मला माझं लिहिलेलं आठवत नाही. त्यांनी गोळी वाढवली, चैतन्य. त्या गोळीने सकाळी उठवत नाही मला.”

चैतन्यचा चेहरा पांढरा पडला. चहावाल्याने “भैया, और दूँ?” विचारलं, ते त्याला ऐकू गेलं नाही.

“माफ कर,” तो म्हणाला. “खरंच. मला वाटलं मी...”

“माहीतेय तुला काय वाटलं. मीही एजंटाला तेच केलं.” तिने ओढणी सारखी केली. “लहानपणी पकडापकडी खेळलायस ना? पकडला जाईल त्याच्यावर राज्य. आता माझ्यावर येऊ दे. कुणी मध्ये पडू नका.”

तिने स्वतःच सगळ्यांना लिहिलं. चारच ओळी. शुक्रवारी खेळ सोडता येणार नाही. सत्ताविसावी गच्ची ओलांडता येत नाही. एजंटांनी कवच घेऊन ती पार केली. तसं करायला माझ्या वाक्याने सांगितलं. खाली नाव.

मग जे व्हायचं ते झालं. मालकांनी बंगळूरहून फोन केला आणि तो फोन गोड नव्हता. जाहिरातीवाल्यांनी डोक्याला हात लावला. आणि अर्णव, ज्याने त्या गच्च्या रचल्या होत्या, तो तावातावाने तिच्या टेबलाशी आला.

“ये लाइन किसने लिखी?”

“मैंने.”

“देविका, यार, हद है. इतने महीने से पड़ी है ये लाइन? पढ़ा नहीं एक बार भी वापस? और भी कुछ पार नहीं हुआ होगा तो?”

“हो सकता है,” ती म्हणाली. “सब फिर से चलाना पड़ेगा.”

तिचे कान तापले होते. आजूबाजूची माणसं मान खाली घालून ऐकत होती. अक्षता तर खुर्चीतून अर्धी उठली होती, मध्ये पडावं की नाही या विचारात. देविकाने तिच्याकडे बघून नाही अशी मान हलवली. अर्णव बोलला ते सगळं खरं होतं. लागलंही. आणि लागत होतं तरी आत कुठेतरी, वर्षभर पायाखाली नसलेली जमीन तळव्याला टेकल्यासारखं होत होतं.

“आणि बोळ?” तिने मग विचारलं, हिंदीतच. “इतका रुंद कुणी केला?”

अर्णवचा ताव उतरला. “मैंने,” तो म्हणाला. “पहले सँकरी थी. नीचे तक धूप नहीं आती थी. अच्छी नहीं लग रही थी.”

एकाने ऊन खाली पोचावं म्हणून बोळ रुंद केला होता आणि एकीने कुणी पडू नये म्हणून वाक्य लिहिलं होतं.

दुपारभर ती त्या पानाशी झटत राहिली. लिहायची, खोडायची, उठून पाणी प्यायची, पुन्हा बसायची. एक शब्द तर अर्धा तास आला नाही. तिने कुणाला विचारला नाही. शेवटी पान असं झालं: कवच घेतलंत तर त्या गच्चीपुढे ‘पार’ लिहू नका, कवच घेतलं असं लिहा. पडलात तर पडलो असं लिहा. कुठून उडी घेतली आणि कुठे कमी पडलात, ते लिहा. तुमचं पडणं आम्हाला हवं आहे. ते झाकू नका.

अक्षताकडे ते पान गेलं नाही. म्हणजे गेलं, पण देविकाने स्वतः नेलं, आणि शेजारी उभी राहून म्हणाली, “माझ्यासमोर खुणा कर.” अक्षताने दोन ठिकाणी लाल केलं. एक देविकाने मान्य केलं. दुसऱ्यावरून दोघी भांडल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत पहिला एजंट पुन्हा धावून आला. अहवालात यावेळी सगळं हिरवं नव्हतं. सत्ताविसावी गच्ची: पार नाही. कठड्याच्या टोकावरून उडी घेतली, पलीकडच्या कडेला हात पोचला नाही. त्याच्याखाली आणखी एक लाल ओळ होती, चौतिसावी. तीही आधीच्या अहवालात कवचानेच झाकली होती. देविकाने ती ओळ दोनदा वाचली. हळूहळू, शेजारी निजलेल्या माणसाचा श्वास ऐकावा तशी.

घरी पोचली तेव्हा बागेतून पोरांचा कालवा येत होता. ती हातपाय धुऊन सरळ ओट्याशी गेली. वृंदाबाई लगबगीने उठल्या. “राहू दे गं, मी करते. दमली असशील.”

“आई, परवाची आमटी खारट होती.”

वृंदाबाई दारातच थबकल्या.

“होती ना?”

“मानसने बजावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तिला काही बोलायचं नाही म्हणून. वर्ष झालं. जीभ चावून चावून तोंड आलंय मला.” मग जरा थांबून, “खारट? अगं घशाला कोरड पडली. रात्री तीनदा उठले मी पाण्याला.”

“मग आज खाऊन खरं सांगा.”

तिने डाळ घोटली, चिंच कोळली, फोडणी दिली. अवनी आत आली, गुडघ्यावर पट्टी, केस पिंजारलेले. बागेत काय झालं ते कुणी विचारायच्या आतच सांगू लागली, की तिने त्या मोठ्या मुलीला सांगितलं, पकडा तर खरंखुरं पकडा; आणि त्यांनी पकडलं, आणि मग राज्य घेऊन तिला कुणीच सापडेना, आणि ती रडली, आणि उद्या पुन्हा जायचंय.

वृंदाबाईंनी पळीभर आमटी तळहातावर घेतली, चाखली. डोळे बारीक झाले.

“चिंच कमी. आणि मोहरी जळलीय,” त्या म्हणाल्या. “लक्ष कुठे असतं गं तुझं?”

देविका ओट्याला धरून उभी राहिली. पातेल्याखालचा गॅस तिने बंद केला. पातेलं उतरवायचं होतं, कडा सणसणून तापलेल्या. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“आई, ती द्या. ती... आपली ती...”

शब्द नव्हता. जागा होती, शब्दाचा आकार होता, दोन पाय आणि मध्ये खिळा, आणि शब्द नव्हता.

“आई, पकड?” अवनी म्हणाली. तिला तेवढाच शब्द ठाऊक.

वृंदाबाईंनी नातीच्या तोंडावर हात ठेवला. त्यांचे स्वतःचे ओठही उघडले होते. ते त्यांनी मिटले. खिळ्याला अडकवलेल्या वस्तूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पातेल्यातून वर जाणाऱ्या वाफेकडे बघत, जणू सगळी संध्याकाळ मोकळी आहे.

बराच वेळ गेला.

“सांडशी,” देविका म्हणाली.

वृंदाबाईंनी ती काढून तिच्या हातात दिली. “मग उतरव की,” त्या म्हणाल्या. “निवून चाललंय सगळं.”